निळ्या माणसांची कबड्डी

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतसुद्धा जमलं नाही आणि चौथीनंतर शाळाच संपली. पुढं बीड्या वळून वळून बोटं वाकली, त्यामुळे आता पेन धरलं की ओळ उताराला लागल्यासारखी खाली जाते. कोणाच्या नजरेस हे पडलंच तर त्यानं चुका पोटात घालाव्या. मी स्वतःहून कोणाला दाखवणार नाही. लोकांसमोर बोलायचीच मला लाज वाटते, तर लिहिलेलं काय दाखवणार.

आज शनिवार आहे. गेली कितीतरी वर्षं शनिवारी बीडीच्या ठेकेदाराकडून पैसे मिळाले की मी तलावाच्या पारेवरून, म्हणजे बांधावरून, पलीकडच्या वस्तीत जात होते. आज जायचं नाही. हात रिकामे राहिले म्हणून लिहायला बसले.

एका पावसाळ्यात आकाशातलं कोणतंसं मोठं यंत्र खाली पडणार अशी आवई उठली होती, तेव्हापासून हे सारं सुरू झालं. रेडिओवर रोज सांगत. कुठं पडेल ते सांगत नसत. धानाच्या रोवणीचे दिवस होते, पण अर्धं गाव चिखलात उतरेना. मरायचंच आहे तर कोंबड्या कोणासाठी ठेवायच्या, असं म्हणून लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या. ते यंत्र दूर कुठंतरी पडलं म्हणे. नंतर गावात औषधालाही अंडं मिळेना.

आमच्या घरी कोंबडी नव्हती. आम्ही वरणभात खाऊन मरणाची वाट पाहत होतो. आमचे हे दारात बसून वर पाहत होते. मला म्हणाले, "आयक ना वो. ज्यायनं हे वर सोडलं, त्यायले आपन इथं खाली राहतो हे माहीत असन का?"

"मले का माहीत," मी म्हटलं.

"नसन माहीत. मंग वरतं कोनी राहत असन, तर आपल्याले तरी त्यायचं का माहीत? आपन गेलो, पाया पडाले वाकलो, आन त्यायच्यात वाकनं म्हंजे भांडन काढनं असलं तर?"

मी हसले. त्यांना तेवढंच पुरे होतं.

हे गावच्या धानगिरणीत कामाला होते. तरुणपणी चांगले कबड्डी खेळत. एका सामन्यात गुडघा उलटा फिरला तेव्हापासून ते मैदानाच्या कडेला बसून ओरडत. खेळ गेला, पण खेळातला माणूस त्यांच्यातून गेला नाही. दिवाळीनंतर आमच्याकडे पट भरतो. दिवसा बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक. पाहुणेरावळे लांबून येतात, आणि ज्या गावात नाटक नाही त्या गावचे जावई रुसून जातात. त्या वर्षी यांनी ठरवलं की नाटक बाहेरून आणायचं नाही. आपणच लिहायचं, आणि लिहायचं ते कबड्डीचं, वरच्या जगातल्या कबड्डीचं.

ते लिहून आणत आणि ओसरीवर मला वाचून दाखवत. मी तेंदूची पानं कापत ऐकायची. हसू आलं की तोंडात पदर कोंबायची. ते म्हणत, "तू हासली म्हंजे गाव हासनारच."

नाटक असं होतं. आमच्या गावची चमू एका उडत्या छकड्यात बसून परग्रहावर जाते. तिथली माणसं निळी. त्यांच्यात जिंकणं ही लाजेची गोष्ट. जिंकलेला घरी तोंड लपवून बसतो आणि हरलेल्याची वरात निघते. आमचा गडी "कबड्डी कबड्डी" करत त्यांच्या अंगणात शिरतो. एकच शब्द दम न सोडता म्हणणं म्हणजे त्यांच्यात मेल्या माणसासाठी रडणं. म्हणून ती निळी माणसं त्याला धरायचं सोडून त्याच्याबरोबर रडायला लागतात. आमचा गडी रडणाऱ्यांना शिवतो आणि धावत परत येतो. तो म्हणतो, मी चौघं मारले. पंच म्हणतो, मारले कुठं? आमच्यात ज्याला शिवलं तो सोयरा होतो. झालं, चौघं निळे सासरे बोचकी घेऊन त्याच्या मागं लागतात. आमचा कप्तान डोकं धरून ओरडतो, "अबे, आमच्यात शिवला का मरते!" आणि निळा पंच शांतपणे विचारतो, "मंग तुमच्यात इतके जिते कसे?"

सासूबाईंना कोपऱ्यातून सगळं ऐकू येत असे. त्यांना एवढंच कळलं की पोरांना मंगळाकडे पाठवणार आहेत. "मंगळावर कायले धाडतेस गा पोट्ट्यायले?" त्या म्हणाल्या. "पत्रिकेत नुसता मंगळ असला तरी लगन जमत नाही. हे तं तिथं राहून येतीन."

शिवणारा गडी कोण व्हायचा, हे विचारायची गरज नव्हती. यांचा दोस्त. त्याच्यासारखा दम आमच्या भागात कोणाचा नव्हता. तो पलीकडच्या वस्तीतला. तलावाच्या पारेअलीकडे आमची घरं आणि पलीकडे त्यांची. त्यांची विहीर वेगळी, मसणवट वेगळं. मैदान तेवढं एक. कबड्डीत माणसाला धरल्याशिवाय खेळ होत नाही, म्हणून खेळात धरलेलं चालत होतं. खेळ संपला की अलीकडची पोरं तलावात बुडी मारून मगच घरात शिरत. धूळ लागली म्हणून, असं सगळे म्हणत. धूळ पलीकडच्या पोरांनाही लागत होती, पण ती तशीच घरी जात.

दोस्त रस्त्याच्या गँगमध्ये कामाला होता. त्याच्या घरावर तणस होती. धानाचं ते वाळलेलं गवत दर पावसाळ्यात कुजायचं आणि आतलं सगळं भिजायचं. त्यानं आणि त्याच्या बायकोनं कवेलूसाठी, म्हणजे कौलांसाठी, पैसे जमवले होते. छपरावर एकदा कवेलू घातली की काम झालं, असं ती दोघं म्हणत.

नाटक मंडळाचे अध्यक्ष म्हणजे यांच्या गिरणीचे मालक. यांनी नाटक वाचून दाखवलं तेव्हा मालक पोट धरून हसले. मग म्हणाले, "नाटक झकास आहे. पन मंडपाले आन नटीले पैसे आधी लागतीन. खर्च तू कर, तिकिटातून पहिले तू घेऊन घे."

आमच्याकडे पैसे कुठले. दोस्तानं कवेलूचे पैसे काढून यांच्या हातात दिले. त्याच्या बायकोनं त्या दिवशी चूल पेटवली नाही, असं मला पुढं तिनंच सांगितलं. तो तिला म्हणाला होता, "पट झाला का परत भेटतीन. पाऊस का आत्ताच येऊन रायला?"

नाटक शेवटपर्यंत चालायला हवं होतं. कवेलूचे पैसे त्या मंडपात उभे होते आणि ही गोष्ट मला रोज आठवायची. यांना आठवत नव्हती. ते आनंदात होते.

निळ्या माणसांचे कपडे मी शिवले. गिरणीतली फाटकी पोती उसवली, कपड्यांना घालायच्या निळीत बुडवली आणि बाहेर वाळत घातली. येणारेजाणारे विचारत, "का वो, महादेव येऊन रायले का तुमच्या घरी?" मी खाली मान घालून आत जायची. डोक्यावर शिंगांसारख्या धानाच्या लोंब्या खोवल्या. तोंडाला आणि कानाला तीच नीळ तेलात कालवून लावायची ठरली.

तालीम गिरणीच्या आवारात व्हायची. आम्ही बाया धानाच्या थप्पीमागून पाहत होतो. नाटकात एक जागा अशी होती की शिवून सोयरा झालेल्या निळ्या माणसानं नव्या सोयऱ्याच्या हातचं पाणी प्यायचं, मगच सोयरीक पक्की. निळ्या सासऱ्याचं काम मालकांच्या पुतण्याकडे होतं. तो ओंजळ धरायचा, दोस्त वरून पाण्याचा रिकामा गडवा वाकडा करायचा आणि पुतण्या तोंडानं गटगट आवाज काढायचा. मालक रोज खुर्चीवर बसून पाहत. त्यांना त्यात काहीच वाटलं नाही. त्यांच्या बायकोलाही नाही. मलाही नाही. गडवा रिकामा होता.

पण त्या जागेला कोणी हसत नव्हतं. यांना ते फार लागलं. घरी आले की तेच. "खोट्या पान्याले कोनी हासत नाही. पानी नरड्यात अडकलं, ठसका लागला, तं लोक हासतीन."

"मंग नका ठेवू ती जागा," मी म्हटलं.

"नाही वो. सारं नाटक त्याच जागेसाठी आहे."

मला वाटलं, लिहिणाऱ्याला जास्त कळतं.

पटाच्या रात्री मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. लांबलांबच्या गावांच्या बैलगाड्या तलावापर्यंत सोडल्या होत्या. बायांच्या बाजूला मी अगदी मागं बसले. दोस्ताची बायको कनातीच्या बाहेर, त्यांच्या लोकांमध्ये उभी होती. मला तिचं लुगडं तेवढं दिसत होतं. उडता छकडा आला तेव्हाच लोक लोळायला लागले. छकड्याला बैल नव्हते. दोन गडी बैलांसारखे वाकून ओढत होते आणि अंतराळात आलो म्हणून उड्या मारत होते. जिंकणारा तोंड लपवतो यावर हसले, निळे लोक रडायला लागले त्यावर तर माझ्या शेजारची म्हातारी हसता हसता खरंच रडली. मी मनात म्हटलं, कवेलू आली.

मग पाण्याची जागा आली. पुतण्यानं ओंजळ धरली. दोस्तानं गडवा वाकडा केला. दिव्याच्या उजेडात पाण्याची धार चमकली.

यांनी गडवा भरून ठेवला होता, ते पुतण्याला माहीत नव्हतं. त्याच्या ओंजळीत पाणी पडलं आणि तो तसाच राहिला. लोक हसत होते. पहिल्यांदा पुढच्या खुर्च्या थांबल्या, मग त्यांच्यामागचे, मग त्यांच्यामागचे. हसू पुढून मागं विझत आलं. आमच्यापर्यंत यायला वेळ लागला, म्हणून आम्ही बाया शेवटपर्यंत हसत होतो आणि मग फक्त आमचाच आवाज उरला.

मालक खुर्चीतून म्हणाले, "गडव्यात पानी आहे का बे?"

दोस्त नाटकातल्याच आवाजात म्हणाला, "आहे न मालक. पन गावचं नाही. वरतून आनलं."

मागं दोनचार जण हसले. तेवढ्यानं नाटक वाचलं असतं, असं मला अजून वाटतं. पुतण्या काकांकडे पाहत होता. प्यावं की टाकावं हे त्याला कोणी सांगत नव्हतं. त्यानं ओंजळ सोडली नाही आणि तोंडाकडेही नेली नाही. पाणी बोटांमधून गळत गळत संपलं. त्याच्या हातांची नीळ त्यात उतरली होती. पायाजवळ निळं थारोळं झालं.

मालक उठले. "बाया-मानसं घरी जा," ते म्हणाले. "तिकिटाचे पैसे सकाळी गिरनीवर परत भेटतीन."

कोणी कोणाला मारलं नाही. शिवीही दिली नाही. शिवी दिली असती तर भांडण झालं असतं, भांडण मिटलंही असतं. लोक चपला शोधून गाड्या जुंपायला लागले. वडशाहून आणलेली नटी राणीच्या कपड्यात पडद्यामागून आली आणि म्हणाली, "माझं गाणं तर राहिलंच की." पेटीवाल्यानं पेटी बंद केली.

सकाळी आमचे हे अंगणात बसले होते. दोस्त आला. तोंड धुतलं होतं तरी कान निळे होते, कारण शेवटी गर्दीत कोणीतरी त्याच्यावर रंगाचा डबा सांडला होता. मुद्दाम की चुकून, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

"बरं होतं गा नाटक," तो म्हणाला.

"तुही कवेलू गेली," हे म्हणाले.

"तनसात गार राहते."

"मी फेडीन."

"फेडशीन न. कुठं पळून चाल्लास का? गुडघा आहे का तुले पळाले?"

दोघं हसले. यांचं ते हसणं मला आठवतं, कारण त्यानंतर तसं हसणं आमच्या घरात झालं नाही. गिरणीत सध्या काम कमी आहे असा निरोप आला. पुतण्याच्या कानाची नीळ पुष्कळ दिवस निघाली नाही. पोरं त्याला "का निळे सासरे" म्हणायची आणि तो दगड घेऊन मागं धावायचा. मैदानावर पलीकडची पोरं येईनाशी झाली. मग अलीकडचीही. तिथं आता धानाच्या गंज्या लावतात.

हे कोणाच्याही धानाच्या बांधीत मजुरीला जात. दुखऱ्या गुडघ्यानं चिखलात उभं राहणं होत नसे. मी बीड्या जास्त वळायला लागले. कुठलीही तंगी असो, शनिवारी त्यातलं थोडं बाजूला निघायचं. ते दोस्ताच्या घरी पोचवायला आधी हे जात. मग गिरणीच्या कोंड्यानं धरलेला खोकला वाढला. साकोलीच्या दवाखान्यात नेलं, आणलं. पुढं पारेवर चढायचा दम उरला नाही आणि मी जायला लागले. ज्यांचा श्वास कबड्डीत कधी तुटला नाही, ते दारापासून आडापर्यंत जाऊन थांबत. एका उन्हाळ्यात ते गेले. शेवटी बोलणं कमी होतं. जे होतं त्यात एक हे होतं, की शनिवार चुकवू नको.

मी चुकवला नाही. मी जायची तेव्हा दोस्त कामावर असायचा, त्याची बायको घरी. सुरुवातीला ती पदर पसरायची आणि मी वरून पैसे टाकायची. दोघींनाही तसंच शिकवलेलं होतं. ती मला बसायला पोतं द्यायची, पाणी विचारायची नाही. विचारलं असतं तर मला नाही म्हणावं लागलं असतं, म्हणून विचारायची नाही. हे मला फार उशिरा समजलं.

पैसे थोडे थोडे यायचे म्हणून कवेलूही थोडी थोडी यायची. एका बाजूनं कवेलू, उरलेल्या भागावर तणस. पारेवरून ते छप्पर दिसायचं. किती फिटलं आणि किती राहिलं, ते मला वर मान केली की कळायचं. पाऊस आला की त्यांची चूल कवेलूखाली सरकायची, तेवढं घर कोरडं असायचं.

एका वैशाखात मी गेले तेव्हा ऊन डोक्यात गेलं होतं. पोत्यावर बसले आणि डोळ्यांपुढं काळं आलं. मी म्हटलं, "पानी देता का थोडं?"

ती उभी राहिली. माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "खरं का नाटकातलं?"

"खरं," मी म्हटलं.

तिनं गडवा आणला. मी तोंड लावून प्यायले. मला ठसका लागला. ती हसली, मग मीही हसले. यांचं म्हणणं खरं निघालं होतं आणि ते ऐकायला हे नव्हते. त्या दिवसापासून मी पैसे तिच्या हातात द्यायला लागले. घरी सासूबाईंना सांगितलं नाही. त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या, त्यांना उगाच आंघोळ पडली असती.

त्यानंतरचे शनिवार मला बरे गेले. ती तिचं सांगायची, मी माझं. मी आयुष्यात कोणाशी इतकं बोलले नाही. बीडीच्या पानाला यंदा भोकं किती, तिच्या नवऱ्याच्या छातीत कसं दुखतं, असलंच काहीतरी. पण छपरावरची तणस कमी कमी होत चालली होती आणि मला वर पाहायला नको वाटायला लागलं होतं. परग्रहावर माणूस शिवला की सोयरा होतो. आमच्या गावात मी त्या घरी जात होते ते फक्त देणं होतं म्हणून. बीडीवाली बाई पैसे द्यायला जाते, याला कोणी बोट लावू शकत नव्हतं. पैसे नसताना गेले तर पारेवर बसणारे विचारणार, कायले जाऊन रायली? मला त्याचं उत्तर देता येणार नाही. मला तर साधं नाव विचारलं तरी घाम फुटतो.

गेल्या शनिवारी दोस्त घरीच होता, छपरावर चढून शेवटची ओळ बसवत होता. मला पाहून खाली न उतरताच म्हणाला, "वयनी, पाहा. आता वरतून यंतर पडलं तरी फुटनार नाही."

मी वर पाहिलं. तणस कुठंच नव्हती.

त्याची बायको बाहेर आली. मी कमरेची पिशवी सोडली. ती म्हणाली, "हे शेवटचे न?"

"हो."

"मंग आता कायले येशीन तू?"

मी पैसे तिच्या हातावर ठेवले. तिनं ते मोजले, पुन्हा एकदा मोजले. पुरे होते.